उत्तर: डायमेन्शनच्या अक्षरांची उंची बदलत नाही

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरात डायमेन्शन स्टाइलमध्ये (नकाशातली मापं कशी दिसावीत त्याच्या सेटिंगमध्ये) उंची बदलूनही मापांची अक्षरं तेवढीच राहतात म्हणालात ना, तर टेक्स्ट स्टाइलमध्ये (अक्षरांचा फाँट आणि उंची ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) उंचीचा रकाना बघा. तिथे आकडा भरलेला असणार. तो ० करा. टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची बांधून टाकली की डायमेन्शन स्टाइलचा आकडा चालतच नाही. कागदावर २.५ मिमी अक्षर हवं तर १:१०० प्रमाणाला मॉडेलमध्ये (जिथे नकाशा खऱ्या मापात काढतो तिथे) २५० मिमी लागतं. स्टाइल अॅनोटेटिव्ह (प्रमाणानुसार अक्षर आपोआप लहान-मोठं करणारी) केलीत की हा गुणाकार सुटतो.

मराठी अक्षरांचंही सांगतो. इथे इंदूरला राजवाड्याजवळच्या एका जुन्या वाड्याचं मोजमाप घेतलं होतं. घरच्या आजोबांना वाचता यावं म्हणून नकाशात ओटी, माजघर, देवघर असं लिहिलं, तर सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं! स्टाइलला सिम्प्लेक्स हा एसएचएक्स (ऑटोकॅडचा स्वतःचा, रेषांनी बनलेला) फाँट होता, त्यात देवनागरी नाहीच. मराठीसाठी वेगळी स्टाइल करून मंगल किंवा निर्मला यूआय हा देवनागरी असलेला फाँट द्या. आजोबांनी मग माजघरावर बोट ठेवून पाळणा कुठे टांगलेला असायचा ते दाखवलं.

फाइल दुसऱ्याला देताना ई-ट्रान्समिट (नकाशा आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधून देणारी आज्ञा) वापरा, आणि त्याच्या सेटिंगमध्ये फाँट सोबत घ्यायची खूण आठवणीने करा.