चौदा वर्षांनंतर दिव्यांग विद्यार्थिनीचे मोफत शिक्षण थांबते का?

प्रश्न (पालक):
माझी मुलगी पंधरा वर्षांची असून आठवीत, अनुदानित शाळेत शिकते. बौद्धिक अक्षमतेचे ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र तिच्याकडे आहे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच असल्याने नववीपासून शुल्क भरावे लागेल आणि तिच्यासाठीचा निधीही बंद होईल, असे शाळेने तोंडी सांगितले. हे नियमाला धरून आहे काय?

विशेष शिक्षक:
नाही. शाळेने २००९ चा शिक्षण हक्क कायदा पाहिला, पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम पाहिलेला दिसत नाही. त्याच्या कलम ३१ नुसार, शिक्षण हक्क कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील प्रत्येक बालकाला नजीकच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेचे म्हणणे आधी लेखी मागा. तोंडी सांगितलेले नियम कागदावर येताना बरेचदा मवाळ होतात. त्यानंतर प्रमाणपत्राची प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

समावेशित शिक्षणाचे काम पाहणारा:
निधीबाबत थोडे. शालेय शिक्षणासाठीची ‘समग्र शिक्षा’ ही सरकारी योजना बारावीपर्यंत आहे. तीत विशेष गरजा असलेल्या बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असून मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता वेगळा आहे. मात्र यू-डायस प्लसमध्ये, म्हणजे शाळा व विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलीची दिव्यांग म्हणून नोंद आहे ना, हे स्वतः पाहून घ्या, कारण नियोजन त्या नोंदीवरूनच होते. माझी खरी तक्रार दराबद्दल आहे. केवळ ठळक अक्षरांची पुस्तके लागणारे मूल आणि दिवसभर मदतनीस लागणारे मूल यांच्यासाठी एकच आकडा धरून नियोजन करणे म्हणजे गरज मोजण्याऐवजी डोकी मोजणे होय. गरजेनुसार टप्पे ठरवणारी दुरुस्ती व्हायला हवी.

दुसरे पालक:
वयाची अटही त्याच दुरुस्तीत यावी. आमचा मुलगा अकरावीत असतानाच अठरा पूर्ण करील. उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी हाच कायदा कलम ३२ मध्ये कमाल वयात पाच वर्षांची सवलत देतो. म्हणजे या मुलांना वेळ अधिक लागतो हे महाविद्यालयाच्या दारात मान्य आहे, पण तिथवर पोहोचवणाऱ्या शाळेत मात्र हक्क वाढदिवशी संपतो. मर्यादा वयाऐवजी बारावी पूर्ण होण्याशी जोडावी, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ते पालक:
आभारी आहे. यू-डायसमधील नोंद उद्याच तपासतो आणि कलम ३१ चा उल्लेख करून मुख्याध्यापकांना पत्र देतो.