मदत हवी आहे : नाट्यगृहाच्या छपरासाठी निधी कुठून?

नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गात आमच्या गावच्या ट्रस्टचं छोटं नाट्यगृह आहे. जत्रांचा हंगाम संपला की दशावताराचे प्रयोग इथेच होतात, शिवाय भजनं, शाळांची संमेलनं. छप्पर पत्र्याचं, आणि ते आता पार गंजलंय. आषाढात दशावतारातला संकासुर (विनोदी राक्षसाचं पात्र) बोलायला लागला की वरून पाऊस त्याच्यापेक्षा मोठ्यानं बोलतो. गळती नेमकी पायपेटीवर, त्यामुळे पेटीवाले मांडीवर प्लॅस्टिक घेऊनच बसतात. प्रेक्षक मात्र हलत नाहीत, हे विशेष!

ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, प्राप्तिकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या आहेत, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर) घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ फॉर्मही भरलाय. हा निधी कशावर खर्च करता येतो त्याच्या यादीत, म्हणजे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, कला-संस्कृती आणि पारंपरिक कला स्पष्ट लिहिलेल्या आहेत. तरी एका कंपनीनं सांगितलं, "महोत्सव करा, पैसे देतो, छपराला नाही." महोत्सव काय उघड्यावर करायचा?

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची बिल्डिंग ग्रँटची योजना आहे, महानगरांबाहेर कमाल २५ लाखांपर्यंत. ती कुणी प्रत्यक्ष मिळवली आहे का? जुन्या इमारतीच्या दुरुस्तीला चालते का? आपला हिस्सा आधी दाखवावा लागतो तो कसा उभा केलात? बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था मुख्यतः कलावंतांच्या प्रकल्पांना मदत करतात. वास्तूसाठी पैसे देणारं एखादं फाउंडेशन माहीत असेल तर नाव सांगा.

मंजूर झालेल्या अर्जाचा नमुना कुणाकडे असेल तर फार उपकार होतील. काम पावसाआधी उरकायचंय.