अनुभव धागा : जॉयस्टिक बदलली, थ्रॉटल घेतला, मग काय झालं?

परवा रात्री सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरत होतो. तेही टिळकवाडीतल्या माझ्या खोलीतूनच, संगणकावर. पडद्यावर एटीआर-72, धावपट्टी 26, नैऋत्येचा पावसाळी वारा आणि समोर 2300 मीटर डांबर. वारा डावीकडून, म्हणून नाक डावीकडे ठेवून तिरकं आणलेलं. चाकं टेकायच्या जरा आधी उजवं रडर (शेपटीचं सुकाणू) देऊन नाक सरळ करायचं, एवढंच उरलेलं. दांडा मुरगळला तर नाक उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे, असं एखाद्या हट्टी पोरासारखं 'नाही नाही' करायला लागलं. विमान गवतात. बायकोनं दारातूनच विचारलं, "पडलं की काय?"

दोष वाऱ्याचा नव्हता. माझी जॉयस्टिक दहा वर्षं जुनी. विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये बघितलं तर हात न लावताही ट्विस्टची, म्हणजे दांडा मुरगळून रडर द्यायच्या अक्षाची, पट्टी थरथरते. डेडझोन, म्हणजे मधली दुर्लक्षित करायची जागा, वाढवून बघितला. थरथर गेली, पण तिच्याबरोबर रडरची पहिली वीतभर हालचालही गेली.

आता नवीन घ्यायची आहे, जमलं तर वेगळा थ्रॉटलही, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लिव्हर. इंटरनेटवर 'पाच सर्वोत्तम' याद्या ढिगानं आहेत, त्या मी वाचल्यात. मला आपल्या भागातल्या माणसांचं ऐकायचंय. काय उडवता, टेबल कसलं, कुठला हात चालतो, आणि नव्याची नवलाई संपल्यावर काय वाटलं, ते लिहा. एकच अट : स्वतःची वस्तू बिघडली असेल तर कंपनीचं नाव घालू नका. मागच्या वेळी हेडफोनच्या धाग्यात त्यावरूनच भांडणं झाली होती.

उद्यमबागहून

मी सीएनसीवर असतो, त्यामुळं वस्तू हातात आली की आधी स्क्रू कुठं आहेत ते बघतो. तुमच्या जॉयस्टिकला झालंय ते सांगतो. आत पोटेन्शिओमीटर आहे. कार्बनचा पट्टा आणि त्यावरून घासत फिरणारी धातूची जीभ. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची ना, तीच ही. दांडा सगळा वेळ मधोमधच असतो, म्हणून पट्टाही तिथंच सगळ्यात जास्त झिजतो, आणि नेमकी तिथंच आपल्याला बारीक हालचाल हवी असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, काही आठवडे बरे जातील.

दुसरा प्रकार हॉल इफेक्टचा. त्यात हलणाऱ्या भागावर लोहचुंबक असतो आणि समोरचा सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. घासत काहीच नाही. पण खोक्यावर 'हॉल सेन्सर' दिसलं म्हणून लगेच पैसे मोजू नका. थ्रस्टमास्टरच्या टी-16000एम मध्ये पुढं-मागं आणि डावं-उजवं हे दोन अक्ष हॉलवर आहेत, ट्विस्ट मात्र पोटेन्शिओमीटरवरच. तुमचं दुखणं ट्विस्टचं, तेव्हा प्रश्न तिथला विचारायला हवा.

आणि सेन्सरपेक्षा मी गिंबल, म्हणजे दांडा ज्यावर झुलतो तो सांधा, बघतो. स्वस्तात एक गोळा, त्याची वाटी आणि वर एकच मोठी स्प्रिंग असते. तिरकं ढकललं की ती जरा अडते, मग एकदम सुटते. महागात दोन अक्ष वेगळे, प्रत्येकाला स्वतःचा कॅम आणि स्प्रिंग. दुकानात मिळाली तर दोन बोटांत धरून मधोमध अगदी हळू हलवा. लेथच्या क्रॉस स्लाइडला बॅकलॅश जसा हाताला कळतो, तसा प्ले, म्हणजे सांध्यातली ढिलाई, इथंही कळतो. सोळा बिटचा सेन्सर लावा नाहीतर बावीसचा, खाली प्ले असेल तर तो प्लेच अचूक मोजून देणार.

माझा स्वतःचा घोळ थ्रॉटलचा. दोन रुळांवर सरकणारा घेतला. पहिल्या दिवसापासून जरासं ढकलावं तर हलत नाही, जोर लावावा तर बोटभर पुढं जातो. हवेत इंधन भरायच्या नळीमागं लागलं की मी एकदा टँकरच्या शेपटीत, एकदा दोनशे मीटर मागं. शेवटी उघडला, आतलं चिकट ग्रीस पुसून काढलं आणि प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस नखाएवढं लावलं. आता लोण्यासारखा चालतो. वॉरंटी गेली, ती तशीही वापरली नसती. वंगण म्हणून गाडीचं ग्रीस कुणी लावू नका, काही प्लास्टिकं त्यानं खराब होतात.

निपाणीहून

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, बजेट म्हणजे आजोबांनी दिलेली ओवाळणी. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो आहे : बारा बटणं, एक हॅट (अंगठ्यानं चारी बाजूंना ढकलायची टोपी), बुडाशी छोटा थ्रॉटल. डीसीएस हा लढाऊ विमानांचा खेळ फुकट उतरवता येतो आणि त्यात सुखोई-25टी फुकट मिळतं, तेच उडवतो.

वर्षभर समजत होतो की वेगळा थ्रॉटल नाही म्हणून मी मरतो. खरी गोष्ट अशी की मला मान वळवता येत नव्हती. हॅटनं बघून परत समोर येईपर्यंत खेळ खलास. मग ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घातलं. साधा वेबकॅम चेहरा बघतो, आपण मान जरा वळवली की कॉकपिटमधली नजर भरपूर वळते. हॅट मोकळी झाली, तिच्यावर ट्रिम (दांडा सतत धरून न ठेवता विमान स्थिर ठेवायची सोय) टाकला, आणि अंगठा दुखायचा थांबला. पैसे शून्य. थ्रॉटल अजून घ्यायचाय, पण आता घाई नाही.

हिंडलग्याहून

हवाई दलात विमानांच्या देखभालीत होतो, शिकलो इथंच सांबऱ्याला. पायलट नव्हतो, हे आधीच सांगतो, नाहीतर पोरं भलतंच विचारतात.

आधी हे ठरवा की तुम्ही कुठल्या खुर्चीत बसणार. लढाऊ विमानात दांडा उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या. एअरबसच्या कॅप्टनचा दांडा डाव्या हाताला आणि थ्रॉटल मध्ये, म्हणजे त्याच्या उजव्या हाताला. बोईंगमध्ये असा दांडाच नाही, योक, म्हणजे स्टिअरिंगसारखं हँडल. एअरबस उडवणाऱ्यानं लढाऊ विमानाचा, दोन-दोन डझन बटणांचा थ्रॉटल घेऊन काय करायचं? त्याला क्लाइंबच्या आणि टेकऑफच्या खाचा हव्यात, ज्यात लिव्हर 'टक' करून बसतो. डोळे न वळवता कळलं पाहिजे.

दांडा किती हलतो यावरही लोक वाद घालतात. एफ-16 चा दांडा सुरुवातीला मुळीच हलत नव्हता, फक्त हाताचा दाब मोजायचा. वैमानिकांना ते जमेना, म्हणून मग त्याला किंचित हालचाल दिली. हाताला काहीतरी कळावं लागतं.

मुलानं पुण्याहून मला थ्रस्टमास्टरचा वॉर्टहॉग आणून दिला. ए-10सी विमानाच्या दांड्या-थ्रॉटलची नक्कल, धातूचा, थ्रॉटलचे दोन भाग सुटे होतात, दोन इंजिनांना दोन. वजन असं की आमच्या हिनं पेटी उचलली आणि विचारलं, "ह्यात वरवंटा आहे काय?" मला फार आवडला. पण त्याला ट्विस्ट नाही, हे मुलाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे रडरला पेडल घेणं आलं. पेडल आली. माझ्या खुर्चीला चाकं. ब्रेक दाबला की विमान जागेवर आणि मी मागं मागं कपाटापर्यंत! शेवटी पेडलची फळी आणि खुर्चीचा पाय नायलॉनच्या पट्ट्यानं बांधला. तेव्हा ट्विस्ट नसलेली काठी घेणाऱ्यांनो, पेडलचे आणि पट्ट्याचे पैसे आधीच धरा.

आणखी एक, टेबल. जेवायच्या टेबलावर उंच काठी ठेवली की कोपर हवेत राहतं, अर्ध्या तासात खांदा भरून येतो. मी ती टेबलाच्या कडेला खाली क्लॅम्पवर घेतली. एवढ्यानं जो फरक पडला तो वॉर्टहॉगनंही पडला नव्हता.

शहापूरहून

मी डावखुरी. लहानपणी सगळे म्हणाले उजव्या हातानं शिक, शिकले, आणि प्रत्येक लँडिंगला विमान उजवीकडं ओढलं जायचं. बाजारातल्या बहुतेक जॉयस्टिकचा आकार उजव्या तळहातासाठी असतो. टी-16000एम चे काही तुकडे काढून उलटे बसवता येतात, त्यामुळं सुरुवात तिथून केली. दोन वर्षं छान गेली.

मग मी एलिट डेंजरस या अंतराळयानांच्या खेळाच्या नादी लागले. तिथं जहाज पुढं-मागं, वर-खाली, डावीकडं-उजवीकडं सरकतं आणि तिन्ही अक्षांवर फिरतंसुद्धा. त्याला थ्रॉटलपेक्षा दोन काठ्या बऱ्या पडतात. व्हीकेबीची ग्लॅडिएटर डाव्या हाताची स्वतंत्र मिळते, ती बाहेरून मागवली.

इथं खरी कथा सुरू होते. मी पत्त्यात सवयीनं बेळगाव लिहिलं. आधारवर बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 पासून कागदोपत्री शहराचं नाव बदललं, तरी हात बेळगावच लिहितो. कस्टमच्या कागदपत्रांत कुरिअरवाला म्हणाला, पत्ता जुळत नाही. मी म्हटलं, दोन्ही एकच गाव. तो म्हणाला, मॅडम, सिस्टीमला माहीत नाही. अकरा दिवस! बाबा म्हणाले, "सीमाप्रश्न तुझ्या जॉयस्टिकपर्यंत आला बघ." बाहेरून मागवणाऱ्यांनी ओळखपत्रावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तसंच टाका. आणि वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि ड्यूटी मिळून जो आकडा होतो तो आधी मांडून बघा. मी मांडला नव्हता, त्या महिन्यात नवी साडी झाली नाही, आणि आमचं तर घरच मागांचं.

खानापूरहून

थोडक्यात लिहितो, लाईटचा भरवसा नाही. दांडा, थ्रॉटल, पेडल असं तीन यूएसबींचं लटांबर झालं की लॅपटॉपच्या एका फुकट्या हबवर सगळं टाकू नका, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. माझं मधेच एक बटण आपोआप दाबलं जायचं, हब बदलल्यावर थांबलं. कुठली वायर कुठल्या पोर्टात, ते रंगीत टेपनं खूण करा. जागा बदलली की काही खेळ त्याला नवीन यंत्र समजतात आणि रविवारभर बसून जोडलेली बटणं गुल. डीसीएसची ती सगळी जोडणी सेव्ह्ड गेम्समधल्या इनपुट फोल्डरात असते, त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि आमच्याकडं पावसात चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते, तेव्हा जून ते सप्टेंबर वर कापड झाका, आत सिलिकाची पुडी टाका.

अथणीहून

नमस्कार सगळ्यांना. मी शेती करतो, ऊस हाय, आणि रात्री हेलिकॉप्टर उडवतो. घरात कुणाला खरं वाटत नाही. आई विचारते, "काय करूलालास रे एवढ्या रात्री?" तर सांगतो, कारखान्याचा हिशेब.

हेलिकॉप्टरला थ्रॉटल नको, कलेक्टिव्ह पाहिजे. डाव्या हाताशी आडवा दांडा, वर ओढला की हेलिकॉप्टर वर. विमानाचा थ्रॉटल पुढं ढकलतात, त्यामुळं तो वापरला की घाबरल्यावर हात उलटाच जातो. तयार कलेक्टिव्हची किंमत बघितली आणि गप्प बसलो. मग स्वतः केला. प्रो मायक्रो नावाचा अर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) घ्या, त्यातली चिप संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते. त्याला दहा किलोओहमचा एक पोटेन्शिओमीटर. उद्यमबागचे दादा हसतील, पण हॉल नंतर बसवीन. पोटेन्शिओमीटर घेताना लिनिअरच मागा. मला दुकानदारानं पहिल्यांदा आवाजाच्या बटणाचा दिला, लॉगरिदमिक. अर्धा दांडा ओढला तरी काही नाही, आणि मग एकदम आभाळात.

दांडा पीव्हीसी पाइपचा. पण खरी अडचण वेगळीच. कलेक्टिव्ह सोडला तिथंच थांबला पाहिजे. स्प्रिंग लावली तर वर पळतो, नाही लावली तर वजनानं खाली येतो. नट आवळला तर अडकतो. बरेच दिवस रबर, नायलॉन, सायकलचं ब्रेक पॅड, सगळं लावून झालं. आमच्या गल्लीत चपला करणारे काका आहेत, अथणीच्या कोल्हापुरीबद्दल तुम्हाला सांगायला नको. त्यांनी तळाच्या चामड्याचे दोन गोल कापून दिले, जरा तेल लावून. ते वॉशर म्हणून घातले आणि दांडा असा बसला की करंगळीनं हलतो आणि सोडला की हलत नाही. वर्ष झालं, अजून तसाच. काकांना दाखवायला घरी बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "चामडं चांगलं हाय बघ."

धागा काढणारा, परत

सगळ्यांचे आभार. हिंडलग्याच्या काकांचं वाचून आधी टेप घेतली. टेबल तीस इंच, खुर्चीत बसल्यावर माझं कोपर सव्वीसवर. म्हणजे मी दहा वर्षं खांदा उचलून उडत होतो. थ्रॉटल दिवाळीपर्यंत पुढं ढकललाय, आत्ता क्लॅम्प आणि पेडल. पेडल आली की ट्विस्टचा प्रश्नच मिटतो, आणि जुन्या काठीचे बाकीचे दोन अक्ष अजून ठणठणीत आहेत, हे मला माझीच पोस्ट पुन्हा वाचताना कळलं. उद्यमबागचे दादा, रविवारी काठी घेऊन येतो, गिंबलचा प्ले तुमच्या बोटांनी बघा. जर तुम्ही नापास केलीत, तर तिची हॅट आणि बटणं अथणीला कलेक्टिव्हच्या टोकावर बसवायला पाठवतो.

पत्ता तेवढा आधारवर आहे तसाच कळवा.