कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावी बाबांना न्यायचंय, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

आम्ही कोपरखैरण्याचे, माथाडी कामगारांच्या वसाहतीतले. बाबा ७३ वर्षांचे आहेत. मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या समोरच्या काठाला. जुनी आळी, देऊळ, नदीकाठची भातखाचरं सगळं धरणात गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा बाबा ९ वर्षांचे होते. भावकीतल्या काहींना ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, ते उठून गेले. आजोबा मात्र तिथेच डोंगराला वर सरकले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात त्या नव्या घराच्याही भिंती फाटल्या, मग सगळे मुंबईला. आधी मशीद बंदरला हमाली, बाजार इकडे हलल्यावर आम्हीही इकडे.

बाबा गावाचा विषय कधी काढत नसत. गेल्या महिन्यात काकांच्या बाराव्याला गुरुजींनी पिंडासाठी नावं विचारली. वडील, आजोबा सांगितले, पणजोबांचं नाव बाबांना येईना. रात्री जेवताना म्हणाले, "मला एकदा देवळाच्या पायऱ्या बघायच्यात." तेव्हापासून मला चैन नाही.

मे अखेरीस शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी उतरलेलं असतं, म्हणून तेव्हा निघतोय. गाडी आपली. पनवेलवरून साताऱ्याला मुक्काम, मग कासमार्गे बामणोली आणि तिथून लाँच. येताना तापोळा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, माणगाव. बाबांचे गुडघे दुखतात. लाँचमध्ये चढता-उतरताना धक्क्यावर कितपत सोय आहे? आंबेनळी घाट त्यांना झेपेल, की आल्या वाटेनेच परतावं?

आता कागदपत्रांचं. सगळे सातबारा काढा म्हणतात, पण बुडीत जमिनीच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव. मला वाटतं त्याआधीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी शोधावेत, वारसनोंदीत मयताचं आणि मुलांचं नाव असतं. शिवाय गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात जन्ममृत्यू सापडतील. पण बाबा गाव "जावळी तालुक्यातलं" सांगतात आणि आता ते महाबळेश्वर तालुक्यात आहे. जुनी दप्तरं मेढ्याच्या, म्हणजे जावळीच्या तहसीलला असतील की महाबळेश्वरच्या? मोडी वाचणारं कुणी तिथे जवळपास भेटेल का? पुनर्वसनाचं संकलन रजिस्टर, म्हणजे धरणग्रस्त खातेदारांची नोंदवही, साताऱ्यात बघायला मिळालेलं कुणी आहे का, अर्ज आधीच टाकावा लागतो का? हाताशी फक्त शेतसाऱ्याच्या दोन पावत्या आहेत.

बाबांना एक हेळवी आठवतो. सुगी झाली की बैलावरून यायचा, ओटीवर बसून पिढ्यान्पिढ्यांची नावं म्हणायचा आणि पायली दोन पायली धान्य घेऊन जायचा. त्यांच्या चोपड्यांत आमचं घराणं नक्की असणार. जावळीकडे फिरणारे हेळवी कुठल्या गावचे, त्यांचा पत्ता कसा लागतो? यावर कुणी बोललं तर फार उपकार होतील, कारण पणजोबांचं नाव मला तिथेच मिळेल असं वाटतंय.

भिवंडी, पनवेल, खालापूर भागात वसलेली कोयनेची मंडळी इथे असतील तर त्यांनीही लिहावं. निघण्याआधी इथल्या भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला आम्ही कुठल्याही रविवारी येऊ.

काल बाबांनी वहीच्या पानावर पेन्सिलीने आळी काढून दिली. देऊळ, पार, आणि पारापासून तिसरं घर आमचं. मेमध्ये त्या बाजूला देवळांच्या पायऱ्या खरंच उघड्या पडतात का, कुणी पाहिल्यात का?