फक्त दुपारी होणारा शॉर्ट : डीसीसी लेआउट, रिव्हर्स लूप आणि सुसाट सुटणारे इंजिन

गच्चीवरचे स्टेशन (नागपूर)

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या खोलीत मी मॉडेल रेल्वेचा, एचओ मापाचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा लेआउट उभारला असून त्याचे रूळ गेल्या जानेवारीत टाकून झाले. प्लायवुडचा पाट ३.६ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. एका टोकाला तीन मार्गिकांचे स्टेशन, तिथून निघणारा एकेरी मार्ग आणि दुसऱ्या टोकाला गाडी वळून त्याच मार्गाने परत यावी म्हणून रिव्हर्स लूप, अशी साधी मांडणी आहे. नियंत्रण डीसीसीचे (रुळांतूनच इंजिनांना डिजिटल हुकूम देणारे), रुळांना वीज पुरवणारा बूस्टर ३ अँपिअरचा, आणि लूपमध्ये रूळ वळून उलटे जुळतात म्हणून तिथली विजेची दिशा आपोआप पालटणारे वेगळे ऑटो-रिव्हर्स मॉड्यूल लावलेले आहे. रुळांची टोके जोडणाऱ्या नुसत्या जॉइनरवर विसंबू नये असे ठिकठिकाणी वाचल्यामुळे रुळांचे सगळे जोड मी सोल्डर करून टाकले.

मार्चअखेरपर्यंत कसलीच तक्रार नव्हती. एप्रिल लागल्यापासून मात्र दुपारी एकच्या पुढे गाडी उजव्या फाट्याने लूपमध्ये व्यवस्थित शिरते, पूर्ण वळसा घेते, आणि डाव्या फाट्यावरच्या गॅपवर (लूपची वीज वेगळी ठेवण्यासाठी रुळात पाडलेल्या फटीवर) तिची पहिली चाके आली रे आली की मॉड्यूलचा रिले टक-टक-टक वाजू लागतो आणि बूस्टर सगळ्या लेआउटची वीज तोडतो. गाडी उलट दिशेने नेली तर डाव्या फाट्याने आत शिरतानाच हा प्रकार होतो. सकाळी आणि रात्री दहानंतर हीच गाडी तास-तासभर न थांबता फिरते. डावीकडचे दोन्ही गॅप मी भिंगातून पाहिले, पातळ कानशीने साफ केले, त्यांत कागद सरकवून पाहिला. तिथे काहीच सापडत नाही. रिकाम्या लेआउटवर वीज सोडली तर दुपारीदेखील शॉर्ट दिसत नाही, म्हणून आधी मला इंजिनाचाच संशय आला होता, पण चारही इंजिनांवर हेच घडते.

खोलीतला कूलर तासभर चालवला की दोष नाहीसा होतो. त्यावरून बूस्टर तापत असावा असा तर्क करून मी नवा, ५ अँपिअरचा बूस्टर मागवण्याच्या बेतात आहे. तो खर्च लहान नाही, म्हणून आधी इथे विचारतो आहे.

आणखी दोन गोष्टी आहेत. वीज तुटून परत आली की ध्वनी-डिकोडर (हुकूम वाचून मोटर आणि आवाज चालवणारे सर्किट) बसवलेले माझे डिझेल इंजिन थ्रॉटल शून्यावर असतानाही पूर्ण वेगाने सुटते. परवा ते स्टेशनच्या टोकाचा बफर उडवून थेट फरशीवर पडले आणि त्याची पुढची पायरी व कपलर मोडला. हे इंजिन रंगवायला मला चार महिने लागले होते. दुसरे असे की मल्टीमीटरच्या एसी रेंजवर बूस्टरपाशी १२.९ व्होल्ट आणि लूपच्या टोकाला ११.८ व्होल्ट दिसतात. हे कमी आहे का?

तांब्याची तार (डोंबिवली)

व्होल्टेजचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्या आकड्यांवरून बरेच जण चुकीच्या वाटेला लागतात. डीसीसीमध्ये रुळांवर साध्या अर्थाने डीसी नसतो आणि घरातल्या वायरिंगसारखा एसीही नसतो. दिशा सतत पालटणारे चौकोनी स्पंद असतात आणि त्या स्पंदांच्या लांबीतच हुकूम दडलेला असतो. 'एक' या बिटचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे पूर्ण आवर्तन ११६ मायक्रोसेकंदांचे आणि वारंवारता साडेआठ हजार हर्ट्झच्या वर. 'शून्य' या बिटचा अर्धा भाग १०० मायक्रोसेकंदांचा किंवा त्याहून लांब असतो. आपल्याकडचे साधे मल्टीमीटर ५० हर्ट्झची घरगुती वीज मोजण्यासाठी बनवलेले असते, त्यामुळे त्यावर दिसणारा आकडा खरा व्होल्टेज म्हणून धरू नये. एकाच मीटरने दोन ठिकाणी घेतलेल्या आकड्यांतला फरक मात्र उपयोगाचा असतो, आणि तोही भार असताना घ्यावा. मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लूपच्या टोकाला रुळांवर जोडा; तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. तो पेटलेला असताना दोन्ही जागी मोजा. फरक १ व्होल्टपेक्षा बराच वाढला तर बस वायर (लेआउटभर फिरणारी मुख्य तार) बारीक आहे किंवा फीडर (तिच्यापासून रुळाला जोडलेल्या छोट्या तारा) कमी पडत आहेत असे समजावे. बससाठी २.५ चौरस मिलिमीटरची तार आणि दर मीटर-दीड मीटरला एक फीडर एवढे असले की या मापाच्या लेआउटला काळजी नसते.

त्यानंतर नाण्याची चाचणी करा. लेआउटच्या प्रत्येक भागात, लूपमध्ये आणि प्रत्येक मार्गिकेच्या टोकाला, दोन रुळांवर क्षणभर नाणे आडवे टेकवायचे. बूस्टरने दर वेळी तत्काळ वीज तोडली पाहिजे. एखाद्या जागी तो तोडत नसेल तर तिथे जाणारी तार शॉर्ट सर्किटचा प्रवाह वाहून नेण्याइतकी सक्षम नाही, आणि तिथेच एखादे दिवशी चाके व प्लॅस्टिक वितळते.

बूस्टरच्या तापण्याबद्दल सांगायचे तर तुमचा तर्क अशक्य नाही, पण तो तपासता येतो. कूलर बंद ठेवून फक्त बूस्टरवर एक टेबल फॅन रोखा. दुपारी तीन वाजता दोष तसाच राहिला तर बूस्टर निर्दोष आहे. ही चाचणी झाल्याशिवाय नवा बूस्टर मागवू नका, आणि ५ अँपिअरचा तर नकोच. शॉर्ट खरा असेल तर मोठा बूस्टर तोच प्रवाह अधिक जोराने चाकांतून ढकलेल.

गच्चीवरचे स्टेशन (नागपूर)

दोन्ही चाचण्या केल्या. बल्ब पेटलेला असताना फरक १.३ व्होल्टचा आला, म्हणून लूपला आणखी दोन फीडर जोडले आणि तो ०.६ वर आला. नाण्याच्या चाचणीत बूस्टर सगळीकडे चटकन तुटतो. बूस्टरवर टेबल फॅन रोखून दुपारी अडीच ते चार गाडी चालवली, तेव्हा बूस्टरचे हीट सिंक हाताला गार लागत होते, तरी शॉर्ट डाव्या फाट्यावर पूर्वीसारखाच झाला. म्हणजे बूस्टर नव्हे. मग कूलरने फरक का पडतो, ते कळत नाही.

आठ बिट (पुणे)

शॉर्टविषयी जाणकार लिहितीलच. मी सुसाट सुटणाऱ्या इंजिनाबद्दल लिहितो, कारण हा प्रकार माझ्याकडेही झाला आहे आणि त्याचे कारण डिकोडरच्या एका बिटमध्ये असते.

बहुतेक डिकोडर डीसीसीबरोबर जुन्या, साध्या डीसी लेआउटवरही चालावेत अशा रीतीने विकले जातात. शॉर्ट होऊन वीज तुटते आणि परत येते त्या गडबडीच्या क्षणी रुळांवर डीसीसीचे स्पंद नीट उमटलेले नसतात, तेव्हा डिकोडर 'आपण डीसी लेआउटवर आहोत' असा अर्थ लावतो. डीसीमध्ये जितके व्होल्ट तितका वेग, आणि रुळांवर तर पूर्ण व्होल्टेज असते, म्हणून इंजिन पूर्ण वेगाने सुटते. थ्रॉटल शून्यावर असण्याचा तिथे काही संबंधच उरत नाही.

ही सवलत डिकोडरच्या सीव्ही २९ या सेटिंगमधल्या बिट २ ने चालू-बंद होते आणि त्या बिटची किंमत ४ असते. इंजिनाला चार अंकी लांब पत्ता (ओळखक्रमांक) दिला असेल तर सीव्ही २९ ची किंमत बहुधा ३८ असेल, म्हणजे लांब पत्त्याचे ३२, डीसी सवलतीचे ४ आणि २८ किंवा १२८ वेगपायऱ्यांचे २. त्यातून ४ वजा करून ३४ लिहा. पत्ता लहान असेल तर ६ च्या जागी २ लिहा. इंजिनाची दिशा उलटी करून घेतली असेल तर या प्रत्येक किमतीत १ मिळवावा लागेल.

ध्वनी-डिकोडर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग लिहिण्या-वाचण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) वाचला जात नसेल तर तो बिघडला असे समजू नका. तिथे डिकोडर आपले उत्तर मोटरला क्षणभर वीज देऊन कळवतो. ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअरचा जास्तीचा प्रवाह ओढला गेला की हुकूम पाठवणारे कमांड स्टेशन त्याला 'हो' समजते. ध्वनीच्या डिकोडरमधले मोठे कपॅसिटर भरताना एवढी वीज खातात की हा लहानसा धक्का त्यात हरवून जातो. अशा वेळी मुख्य मार्गावरच, इंजिनाचा पत्ता निवडून, सीव्ही २९ लिहावा. वाचून खात्री करता आली नाही तरी लिहिलेले बसते. खात्रीसाठी इंजिन रुळांवर ठेवून दोन-तीनदा वीज तोडून जोडा. ते जागेवरून हलता कामा नये. पहिल्या खेपेला मात्र इंजिनापुढे हात धरून ठेवा.

खडी आणि स्लीपर (भुसावळ)

माझी नोकरी रेल्वेच्या रूळ-देखभाल विभागात झाली, त्यामुळे आपले वर्णन वाचताना मला विजेच्या आधी उन्हाळाच दिसला. कूलर बूस्टरला गार करत नव्हता, तो आपले रूळ गार करत होता.

आपण नागपूरच्या जानेवारीत, म्हणजे खोलीत वीस-बावीस अंश असताना, रूळ टाकले आणि जोड सोल्डर करून ते अखंड केले. आज दुपारी त्याच खोलीत चाळीसच्या वर पारा असणार. निकेल सिल्व्हरचा रूळ दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१६ मिलिमीटर लांबतो. स्टेशनच्या बफरपासून लूपच्या गॅपपर्यंत सव्वादोन मीटर अखंड रूळ धरला आणि वीस अंशांचा फरक धरला तर वाढ पाऊण मिलिमीटरच्या घरात जाते. कटिंग डिस्कने पाडलेली फट साधारण ०.६ मिलिमीटरची असते. बफरच्या बाजूला रूळ जखडलेला, मधले जोड सोल्डर केलेले, मग हा वाढलेला भाग जाणार कुठे? जिथे मोकळी जागा असेल तिथे, म्हणजे आपल्या गॅपमध्ये. त्यातच एप्रिलच्या कोरड्या हवेत प्लायवुड थोडे आकसते. कूलर तापमान उतरवतो आणि दमटपणाही देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी फट पुन्हा उघडते.

आता शॉर्ट डावीकडे होतो आणि डावीकडे दोष सापडत नाही, याचे कारण दोष उजवीकडे आहे. उजव्या फाट्यावरच्या दोन गॅपपैकी एक मिटला आहे असे समजा. तेवढ्याने शॉर्ट होत नाही, कारण मॉड्यूल लूपची दिशा उजव्या फाट्याशी जुळवून घेते आणि स्वस्थ बसते. रिकाम्या लेआउटवर सगळे ठीक दिसते ते यामुळेच. गाडी उजवीकडून येते तेव्हाही दिशा जुळलेलीच असते. ती डाव्या गॅपवर पोहोचली की मात्र लूपची दिशा पालटणे भाग पडते, आणि मॉड्यूलने ती पालटताच उजवीकडच्या मिटलेल्या गॅपमधून मुख्य मार्गाशी शॉर्ट होतो. मॉड्यूल दिशा परत फिरवते, तर गाडीची चाके डावीकडे शॉर्ट करतात. आपण ऐकलेली टक-टक हीच आहे, आणि तिचा शेवट बूस्टर तुटण्यात होतो. डावीकडून आत शिरतानाच शॉर्ट होतो, तेही याच कारणाने.

खात्री अशी करा. दुपारी तीनच्या सुमारास वीज बंद करा, सगळी इंजिने आणि डबे उचलून बाजूला ठेवा, बूस्टरची तार काढा आणि मॉड्यूलमधून लूपकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवा. मग मल्टीमीटर बीप वाजण्याच्या रेंजवर ठेवून चारही गॅपच्या अलीकडे-पलीकडे एकेकदा टोके टेकवा. एकाही ठिकाणी आवाज यायला नको. उजवीकडे कुठेतरी येईल असे मला वाटते.

दुरुस्ती करताना नुसती फट पुन्हा कापून भागणार नाही. फटीत प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवून बसवा. जुने एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचे असते आणि या कामाला उत्तम पडते. वरून व आतल्या बाजूने कानस मारून त्याला रुळाचा आकार द्या, नाहीतर चाकाची कड त्यावर आपटेल. त्याचबरोबर दर मीटरला एका जोडाचे सोल्डर काढून जॉइनर मोकळा सरकू द्या आणि त्या जोडाच्या दोन्ही अंगांना स्वतंत्र फीडर जोडा, म्हणजे वीज जॉइनरवर अवलंबून राहणार नाही. हे काम ऐन दुपारी केले तर मोकळ्या जोडात नखाएवढीदेखील फट ठेवू नका, कारण रूळ तेव्हा सर्वांत लांब असतो. पहाटे केले तर अर्धा मिलिमीटर ठेवा. प्लॅस्टिक बसवून जोड मात्र तसेच आवळलेले ठेवलेत तर रूळ वाकडा होऊन बाजूला सरकेल. खऱ्या मार्गावर हे फार धोक्याचे असते. आपल्याकडे निदान डबे घसरतील.

गच्चीवरचे स्टेशन (नागपूर)

आपले म्हणणे तंतोतंत खरे ठरले. आज दुपारी तीन वाजता, खोलीत ४१ अंश असताना, सांगितल्याप्रमाणे सगळे सोडवून मोजले. उजव्या फाट्याच्या बाहेरच्या रुळावर बीप वाजला, इतर तीन ठिकाणी नाही. भिंगातून पाहिले तर दोन्ही रुळांची टोके एकमेकांना भिडलेली होती आणि जिथे ती टेकत होती तिथे टाचणीच्या डोक्याहून लहान, काळसर कडेचा चकचकीत ठिपका दिसत होता. डाव्या बाजूच्या गॅपमध्ये कागद सहज जात होता, आणि मी इतके दिवस तिथेच शोधत होतो. कूलर लावून पाऊण तासाने उजवीकडे पुन्हा मोजले, तेव्हा बीप बंद झाला होता.

उजवीकडचे दोन्ही गॅप कार्डाच्या तुकड्यांनी भरले आहेत आणि स्टेशन ते लूप या भागातले दोन जोड मोकळे केले आहेत. त्यानंतर कूलर बंद ठेवून साडेचार वाजेपर्यंत दोन्ही दिशांनी गाडी फिरवली. रिले प्रत्येक फेरीला एकदाच वाजला आणि बूस्टर एकदाही तुटला नाही. डिझेल इंजिनाचा सीव्ही २९ मुख्य मार्गावरच ३४ केला, पाच वेळा वीज तोडून जोडली, इंजिन जागेवर राहिले. बूस्टर मागवण्याचा विचार सोडला आहे.

एक शंका उरली आहे. स्टेशनच्या तीन मार्गिकांत गाडी उभी आहे की नाही हे ओळखणारे सेन्सर लावण्यासाठी मी एकाच रुळावर सहा गॅप पाडले आहेत आणि तेही रिकामेच आहेत. तिथे फट मिटली तर शॉर्ट होणार नाही, फक्त सेन्सर चुकीची मार्गिका व्यापलेली दाखवेल, असे मी समजतो. हे बरोबर आहे का?

खडी आणि स्लीपर (भुसावळ)

बरोबर आहे. दोन्ही बाजूंना एकाच दिशेची वीज असल्यामुळे तिथे शॉर्ट होत नाही, पण रिकाम्या मार्गिकेत गाडी दिसू लागेल आणि आपण कारण सेन्सरमध्ये शोधत बसाल. मे महिना पुढेच आहे, तेव्हा तेही सहा गॅप याच आठवड्यात भरून घ्या. डावीकडच्या दोन गॅपमध्येही तुकडे बसवून टाका.