तीन सिलिंडरवाली बाईक रोजच्या वापराला झेपेल का? मदत हवी आहे

मंडळी, आजवर ट्विनच (दोन सिलिंडरवाली) चालवली, परवा मित्राची ट्रायम्फची तीन सिलिंडरवाली स्ट्रीट ट्रिपल ७६५ पंधरा मिनिटं हातात आली आणि तेव्हापासून डोकंच फिरलंय. तिसऱ्या गिअरमध्ये हळू वळण घेतलं, गिअर न पाडता नुसता थ्रॉटल पिळला तरी न अडखळता खेचत सुटली, म्हणजे खाली ट्विनसारखी ओढ आणि वर चार सिलिंडरसारखी पळते, वर तो शिट्टी मारत घुरघुरणारा आवाज! १२० अंशांचा क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा), दर २४० अंशांना एक सिलिंडर पेटतो, एवढं थिअरीत कळलं. पण ट्रॅफिकमध्ये मांड्या भाजतात का? व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं (व्हॉल्व्हची फट तपासून नीट करायचं) काम फार किचकट असतं का? आणि यामाहाच्या तीन सिलिंडरवाल्या एमटी-०९ चं ८९० सीसी इंजिन शहरात जास्त अंगावर येतं का? दोन्ही चालवलेल्यांनीच सांगा प्लीज, रिव्ह्यू बघून बघून कंटाळलोय.