पीसीटीवर मे अखेरीस सिएरा: मायक्रोस्पाइक्सवर भागेल का? खिंडी आणि ओढे कसे पार करावेत?

घाटवाट

नमस्कार मंडळी. 14 एप्रिलला अमेरिकेतल्या, मेक्सिको सीमेजवळच्या कॅम्पोहून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलला (पीसीटी) निघतोय. दोघं जण, दक्षिणेकडून उत्तरेकडे. रोज 16 मैल धरले तर 28 मेच्या सुमारास केनेडी मेडोज, म्हणजे 702 वा मैल, आणि तिथून पुढे सिएरा नेवाडा. घाटवाटा, रॉकपॅच, दृष्टिभय असलेले ट्रॅव्हर्स (उतारावरच्या आडव्या वाटा), पावसाळी ओढे हे सगळं सह्याद्रीमुळे अंगवळणी पडलंय. गोठलेल्या उतारावर चालायची सवय मात्र अजिबात नाही. पायात ट्रेल रनर (हलके, मऊ बूट), सोबत मायक्रोस्पाइक्स (बुटांवर रबरी पट्टीने चढवायचे छोटे दात) आणि दोन पोल. आईस अ‍ॅक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे मोठे दात) घ्यावेच लागतील का? फॉरेस्टर पास ही खिंड किती वाजता चढावी? आणि बर्फ वितळत असताना ओढ्यांचं काय करायचं?

हिमरेषा

सामानाआधी घड्याळाचं बघा. मे अखेरीस सिएरातला बर्फ एका दिवसात तीनदा रूप बदलतो. पहाटे वरचा थर काचेसारखा असतो, स्पाइक्सचे दात करकर वाजतात पण आत शिरत नाहीत. ऊन लागल्यावर तासा-दोन तासांत वरचा इंचभर मऊ होतो आणि पायाला धरतो. अकरानंतर पाय गुडघ्यापर्यंत खचायला लागतो, दुपारी मांडीपर्यंत. खचलेला पाय खालच्या दगडांच्या फटीत गेला आणि सॅकच्या वजनाने तुम्ही पुढे झुकलात, की नडगी तरी सोलते नाहीतर गुडघा पिळवटतो. अडकलेला पाय हिसडा देऊन ओढू नका, आजूबाजूचा बर्फ उकरून मोकळा करा. खडकांच्या कडेला आणि झाडांच्या बुंध्याशी बर्फ आतून पोकळ झालेला असतो. तिथे लांब ढांग टाकायची.

फॉरेस्टर 13,153 फूट, अख्ख्या ट्रेलवरची सर्वांत उंच जागा. आदल्या रात्री टिंडल क्रीकच्या आसपास मुक्काम केला तर खिंड साधारण 5 मैलांवर राहते. पहाटे चारला निघालात तर माथ्याखालच्या घळीपाशी साडेसात-आठला पोहोचाल. घळ दक्षिण अंगाला आहे. आडवी जेमतेम काही पावलं, पण खाली उतार सरळ कोसळतो. आधी गेलेल्यांची पावलं गोठून तिथे पायऱ्या तयार झालेल्या असतात. एकेकाने जायचं, डोंगराच्या बाजूच्या हातात अ‍ॅक्स. दुपारी त्याच पायऱ्यांचा लगदा होतो आणि वरून दगड सुटतात.

खिंडीच्या दक्षिण बाजूला ऊन लवकर लागतं, उत्तरेला उशिरा. म्हणून चढताना बर्फ मऊ लागला तरी पलीकडे उतरताना तसाच मिळेल असं धरू नका. पोलचं टोक मारून बघा. शिरत नसेल तर माथ्यावर अर्धा-पाऊण तास थांबा, काहीतरी खाऊन घ्या.

आणि जायचं की नाही, हे बरंचसं आदल्या रात्रीच ठरतं. आकाश निरभ्र असेल तर हवा शून्याच्या किंचित वर असूनही बर्फ गोठतो, कारण त्याची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाते. ढगाळ रात्री असं होत नाही. पहाटे तंबूबाहेर पहिलंच पाऊल खचलं तर त्या दिवशी खिंड नाही. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसले तर तो ओल्या हिमस्खलनाचा इशारा समजा. 30 ते 45 अंशांच्या उतारावरच नव्हे, त्याच्या खालीही थांबू नका.

कातळटोपी

वेळेबद्दल सहमत. मायक्रोस्पाइक्सबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: फक्त त्यांच्या भरवशावर सिएरात शिरू नका. दात जेमतेम सेंटिमीटरभर असतात आणि सगळा डोलारा रबराच्या पट्टीवर. सपाटीला, हलक्या चढाला उत्तम. कडक उतारावर आडवं जाताना रबर ताणतं, बूट आतल्या आत सरकतो आणि दात तळव्याखालून निघून बुटाच्या बाजूला येतात. घसरायला तेवढं पुरतं. ट्रेल रनरवर बांधता येतील असे, मध्ये लवचीक पट्टी असलेले 10 दातांचे हायकिंग क्रॅम्पॉन घ्या. घरीच लांबी जुळवा, अर्धा तास चालून बघा. मऊ बुटावर पट्टी करकचून आवळली तर बोटांचं रक्त अडतं आणि बोटं गारठतात. ओला बर्फ दातांत साचून त्याचा गोळा झाला की दात जमिनीला लागतच नाहीत, तेव्हा दर थोड्या पावलांनी अ‍ॅक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर टोला द्यायचा.

अ‍ॅक्स हवीच. पोलने घसरण थांबत नाही. अ‍ॅक्स तिच्या डोक्याशी (पात्याशी) धरून हात सरळ खाली सोडला की खालचं टोक घोट्याच्या जरा वर यावं, एवढी लांबी पुरे. घसरलात तर असं करायचं: एक हात अ‍ॅक्सच्या डोक्यावर, पात्याची रुंद, फावड्यासारखी बाजू खांद्याच्या खोबणीत, दांडा छातीवरून तिरका, दुसरा हात दांड्याच्या खालच्या टोकाशी. पालथं होऊन छातीचा सगळा भार चोचीवर (पात्याच्या टोकदार बाजूवर) टाका. पायात क्रॅम्पॉन असतील तर पावलं वर उचला, दात अडकले तर कोलांटी बसते. नसतील तर बुटांची टोकं रोवा. वेग धरण्याआधी, पहिल्या एक-दोन सेकंदांत हे झालं पाहिजे. म्हणून आपलं डोकं वर असताना, डोकं खाली असताना, पाठीवर पडून, अशा सगळ्या पद्धतींनी सराव करा, आणि तोही पायथा सपाट असलेल्या, खाली दगड नसलेल्या उतारावर. सॅकला बांधलेल्या अ‍ॅक्सचा काही उपयोग नाही.

बसून घसरत उतरायचा मोह सगळ्यांना होतो. त्याआधी क्रॅम्पॉन आणि मायक्रोस्पाइक्स दोन्ही काढा. एक दात अडकला की घोटा मोडतो.

आणखी एक. सिएरा येईपर्यंत बर्फ नाही, असं समजू नका. सॅन हासिंटोच्या डोंगरात, 170 व्या मैलाच्या आसपास, अपाचे पीकच्या कुशीत सावलीतला उतार गोठलेला असतो. मार्च 2020 मध्ये तिथे घसरून एका हायकरचा मृत्यू झाला. एप्रिलअखेर तुम्ही तिथे असाल, तेव्हा ताजी स्थिती विचारूनच पुढे जा.

ओढाकाठ

बर्फाइतकंच ओढ्यांना भ्या. 2017 च्या भरपूर बर्फाच्या वर्षी या ट्रेलवर सिएरात दोन हायकर दोन वेगळ्या ठिकाणी वाहून गेल्या.

सह्याद्रीतला ओढा पाऊस थांबला की उतरतो. हा ओढा उन्हाने चढतो. दिवसभर वितळलेलं पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोहोचतं, सगळ्यांत कमी पाणी पहाटे. अडचण अशी की खिंडही सकाळीच हवी आणि ओढाही सकाळीच. उपाय एकच: एका सकाळी खिंड, दुपारी खाली उतरून मोठ्या ओढ्याच्या अलीकडे मुक्काम, दुसऱ्या पहाटे ओढा. संध्याकाळी पाच वाजता 'पलीकडे जाऊन तंबू लावू' हा विचार मनात आणूच नका.

ट्रेल जिथे ओढा ओलांडते तीच जागा चांगली असते असं नाही. वर-खाली अर्धा मैल चाला. पाणी पसरट, फाटे फुटलेलं आणि खाली मोकळं असेल अशी जागा शोधा. इव्होल्यूशन क्रीकला नेहमीच्या जागेऐवजी वरच्या कुरणात पाणी रुंद आणि संथ असतं. खालच्या बाजूला आडवे पडलेले ओंडके असतील तर ती जागा सोडा, पाणी त्यांच्यातून निघून जातं, माणूस अडकून पाण्याखाली दाबला जातो. बूट पायातच ठेवा, सॅकचे कंबर आणि छातीचे पट्टे सोडा, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी मांडीच्या वर आणि वेगात असेल तर माघारी फिरा. अंगाला दोर बांधू नका.

बर्फाचे साकव दिसायला भक्कम असतात. मध्ये खोलगट झालाय, रंग करडा पडलाय, पोल मारल्यावर पोकळ आवाज येतोय किंवा खाली पाणी घुमतंय, तर त्यावरून जायचं नाही.

घाटवाट

मनापासून आभार. अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन घेतो. रोजचे मैल किती धरू? त्यावर शिधा ठरेल.

हिमरेषा

सलग बर्फात तासाला मैलभर झालं तरी चांगलं. दिवसाला 10 ते 12 धरा. केनेडी मेडोज ते किअरसार्ज पासचा फाटा (गावात उतरायची वाट) सुमारे 86 मैल, तिथून ट्रेलहेडपर्यंत (वाट जिथे रस्त्याला लागते तिथपर्यंत) आणखी साडेसात, म्हणजे 8 ते 9 दिवस. वर एक दिवसाचा शिधा जास्त, खिंडीखाली थांबावं लागलं तर. अस्वलाच्या डब्यात (अस्वलाला उघडता न येणाऱ्या शिध्याच्या डब्यात) साधारण सात दिवसांचंच मावतं, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचं बाहेर ठेवून आधी संपवा. गावात उतरल्यावर पुढच्या टप्प्याचा हिशेब नव्याने करा.

चष्मा कडेने बंद असलेलाच घ्या, आणि सनस्क्रीन नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालूनही लागतं. रात्री ओल्या बुटांच्या नाड्या पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर सकाळी गोठलेल्या बुटात पाय जात नाही. पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपा. आतल्या नळ्या एकदा गोठल्या की फुटतात आणि बाहेरून काही कळत नाही.